प्रकाशाचा नियम सर्वांचा, साधन मात्र मूठभरांच्या तिजोरीत!

जुलै २०२५ मध्ये सिनॉप्सिस या अमेरिकन कंपनीने अॅन्सिस ही दुसरी अमेरिकन कंपनी गिळली. सौदा सुमारे ३५ अब्ज डॉलरचा. बड्या माशाने छोट्या माशाला खाल्ले, यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. परंतु या सौद्याला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२५ मध्ये ज्या अटी घातल्या, त्यांतली एक अट आपण नीट वाचली पाहिजे. सिनॉप्सिसने प्रकाशाच्या उपकरणांची रचना करणारा आपला सॉफ्टवेअरचा धंदा दुसऱ्याला विकून टाकावा, अशी ती अट होती. त्यानुसार तो धंदा कीसाइट या कंपनीकडे गेला.

ही अट का घालावी लागली? कारण कॅमेऱ्याचे भिंग, सूक्ष्मदर्शक, गाडीचा दिवा किंवा दुर्बीण कागदावर तयार करण्यासाठी जगभरचे कारखाने जी मोजकी सॉफ्टवेअर वापरतात, त्यांतली मोठी नावे या दोनच घरांत होती. सिनॉप्सिसने २०१० मध्ये कोड व्ही आणि लाइटटूल्स ही सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली होती. अॅन्सिसने २०१८ मध्ये ऑप्टिस, २०२० मध्ये ल्युमेरिकल आणि २०२१ मध्ये झीमॅक्स घेतली. दोन्ही घरे एक झाली तर स्पर्धाच उरणार नाही, हे भांडवलशाहीच्या माहेरघरातल्या सरकारी यंत्रणेलाही कबूल करावे लागले. मक्तेदारी आहे असे आम्ही म्हटले असते तर आम्हाला डावे, अडाणी, विकासविरोधी ठरवले गेले असते!

आता मूळ प्रश्न. ही सॉफ्टवेअर नेमके करतात तरी काय? प्रकाशाचा किरण हवेतून काचेत शिरताना किती वाकतो, याचा नियम हॉलंडच्या स्नेलने १६२१ च्या सुमारास मांडला. त्याच्याही सहाशे वर्षे आधी बगदादच्या इब्न सहलला तो ठाऊक होता. दहावीच्या विज्ञानात तो आहे. किरण काचेच्या पृष्ठाला जिथे भेटतो तिथला कोन मोजायचा, नियम लावायचा, किरण पुढे न्यायचा, पुढच्या पृष्ठावर पुन्हा तेच. संगणक येण्यापूर्वी भिंगांच्या कारखान्यांत हे काम माणसे लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन, एकेक किरण धरून करत. संगणक तेच काम क्षणात लाखो किरणांसाठी करतो. यात कुठलेही गुपित नाही, मंत्र नाही, कुणाचे वंशपरंपरागत वतन नाही.

एक उदाहरण घेऊ. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असे भिंग आहे. फुगीर बाजूची त्रिज्या ५० मि.मी., काचेचा अपवर्तनांक १.५, मधली जाडी ६ मि.मी. पुस्तकातले सूत्र सांगते, नाभीय अंतर १०० मि.मी. सपाट बाजू उजेडाकडे करून समांतर किरण सोडा. मध्यापासून ५ मि.मी. वरचा किरण फुगीर बाजूच्या माथ्यापासून सुमारे ९९ मि.मी.वर अक्षाला भेटतो. पुस्तक खरे ठरले. परंतु २० मि.मी. वरचा किरण सुमारे साडेऐंशी मि.मी.वरच अक्ष ओलांडून जातो. तब्बल साडेएकोणीस मि.मी.ची चूक! पडद्यावर ठिपका उमटण्याऐवजी डाग उमटतो. आता तेच भिंग उलटे धरा, फुगीर बाजू उजेडाकडे. मध्याजवळचे किरण सपाट बाजूपासून ९६ मि.मी.वर एकत्र येतात आणि २० मि.मी. वरचा किरण ९१ मि.मी.च्या आसपास. चूक पाच मि.मी.च्या आत आली. काच तीच, खर्च तोच, फक्त तोंड फिरवले. कॅल्क्युलेटर घेऊन कोणीही पडताळून पाहावे.

हे गणित एकदा हाताने करणे चांगलेच. पण पाच भिंगे, तीन रंग आणि तिरपा येणारा उजेड असे असेल तर हात थकतो. तिथे सॉफ्टवेअर लागते आणि तिथेच दार बंद होते. व्यावसायिक परवान्याचे वर्षाचे भाडे लाखांत जाते. कंपन्या विद्यार्थ्यांना मर्यादित परवाना फुकट देतात, हे खरे. पण त्यावर धंदा करता येत नाही आणि शिक्षण संपले की कुलूप. हात त्याच सॉफ्टवेअरला सरावलेला, खिसा मात्र रिकामा. मग उरतो चोरीच्या प्रतीचा मार्ग. आमच्या ओळखीच्या डिप्लोमाच्या एका मुलाने मित्राच्या पेनड्राइव्हवरून अशी प्रत घेतली आणि तिच्याबरोबर आलेल्या व्हायरसने त्याचे वर्षाचे प्रोजेक्ट गिळले. त्याला आम्ही रागावलो नाही. ज्या समाजाच्या कानावर ज्ञानाचा शब्द पडू नये म्हणून शिक्षा ठरवल्या गेल्या होत्या, त्या समाजाच्या पोराला कुलूप दिसले की तो फट शोधणारच. पण ही फट फसवी आहे. उद्या त्याने स्वतःचे वर्कशॉप काढले, तर पहिली नोटीस त्यालाच येईल.

खरा मार्ग दुसरा आहे. फ्रीकॅड हे त्रिमितीय आराखड्यांचे सॉफ्टवेअर २००२ पासून लोकांसाठी खुले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. बावीस वर्षे लागली, कारण ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या कष्टावर वाढले. ते घ्यायला पैसा लागत नाही, त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. या फ्रीकॅडला जोडता येणारा ‘ऑप्टिक्स वर्कबेंच’ नावाचा एक जोडभाग आहे. आपण काढलेल्या कुठल्याही घन आकाराला सांगायचे, तू आरसा. दुसऱ्याला, तू भिंग, तुझा अपवर्तनांक इतका. तिसऱ्याला, तू उजेड शोषणारी भिंत. मग किरण सोडायचा. किरण आदळतो, वाकतो, परततो, आणि त्याची वाट पडद्यावर रेषेने उमटते. सूर्यकिरणाचा पर्याय निवडला तर तो वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण एकत्र सोडतो आणि लोलकातून जाताना त्यांचे रंग वेगळे होतात. भिंगाची त्रिज्या बदला, वाट लगेच बदलते. वर दिलेले उलट्या भिंगाचे उदाहरण साध्या संगणकावर यात पाहता येते.

खुल्या साधनाने माणूस कुठवर जाऊ शकतो? ओपनफ्लेक्शर हा सूक्ष्मदर्शक पाहा. इंग्लंडच्या विद्यापीठांत त्याची रचना झाली, आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले गेले, आणि मलेरियाच्या निदानासाठी तो टांझानियातल्या स्थानिक तंत्रज्ञांनी आपल्याच देशात थ्रीडी प्रिंटरवर बनवला. साहेबाच्या देशातून यंत्र यावे, बिघडले की साहेबाच्याच देशातला इंजिनिअर यावा, ही गुलामी तिथे मोडली.

आपल्याकडचे पाहा. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने रस्त्यांवरचे जुने दिवे काढून एलईडी बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. एलईडीच्या चिपवर जे चिमुकले पारदर्शक भिंग असते, त्याच्या आकारावर ठरते की उजेड खांबाच्या बुडाशी गोळा होणार की रस्त्याच्या लांबीवर पसरणार. खांब आपल्या वस्तीत, बिल आपल्या करातून, पण ते भिंग असेच का, हे विचारू शकणारा माणूस वस्तीत किती? तो माणूस आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधूनच यायचा आहे.

परंतु भाबडेपणा नको. या वर्कबेंचमध्ये उजेड म्हणजे सरळ रेषा. प्रकाशाचे तरंग एकमेकांत मिसळून जे विवर्तन आणि व्यतिकरण घडते, ते रेषांच्या हिशेबात येत नाही. हजारो रचना आपोआप चाळून उत्तम रचना निवडणे, घासताना काचेत राहणाऱ्या बारीकसारीक चुकांचा परिणाम मोजणे, यात महागडी सॉफ्टवेअर फार पुढे आहेत. पायथन भाषेतल्या ऑप्टिलँड या खुल्या प्रकल्पाने तिकडे पावले टाकली आहेत, पण दशकांचा अनुभव एका रात्रीत भरून निघत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भिंग उद्याच आपण बनवू, असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि पडद्यावर सुंदर दिसलेली रेषा खऱ्या काचेने खोटी ठरवली, तर काचेचे ऐकायचे.

दुसरी अडचण अधिक जवळची आहे. कोड खुला झाला म्हणून ज्ञान खुले होत नाही. त्यावर इंग्रजीचे दुसरे कुलूप असते. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पातून खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. साधारण दहा मिनिटांचा धडा, बाजूला आपला संगणक, ऐकत ऐकत करायचे. त्याच आयआयटीचा फॉसी हा प्रकल्प महाविद्यालयांना महाग सॉफ्टवेअर सोडून खुल्याकडे वळवण्यासाठी चालतो. दोन्हींना पैसा केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक अभियानातून, म्हणजे आपल्याच करातून मिळाला. मग आपल्या पोरांच्या महाविद्यालयांनी या प्रकल्पांकडे अर्ज केला का, हे पालकांनी विचारायला नको काय? संगणक प्रयोगशाळेच्या खरेदीची यादी माहितीच्या अधिकारात मागता येते. सरकारी आणि अनुदानित संस्थेला ती द्यावी लागते. कुठल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यावर दरवर्षी किती रक्कम गेली आणि किती विद्यार्थ्यांनी ते प्रत्यक्ष उघडले, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की प्राचार्यांशी काय बोलायचे ते ठरवता येईल.

तोवर एवढे करता येईल. वस्तीच्या वाचनालयात एक संगणक असतो, त्यावर फ्रीकॅड घाला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला रविवारी सकाळी दोन तास मागा. एका बाजूने सपाट असलेले एक भिंग आणा. आधी पडद्यावर किरण सोडा, अंतर वहीत लिहा. मग अंगणात उन्हात तेच भिंग दोन्ही बाजूंनी कागदावर धरा, पट्टीने मोजा आणि दोन्ही आकडे मुलांनाच ताडून पाहू द्या. फक्त कागद पेटू देऊ नका.