खलाशाच्या मृत्यूची चौकशी कोठवर जाते?

सन २००७च्या सप्टेंबर महिन्यात उत्तर समुद्रातील 'व्हायकिंग आयला' या ब्रिटिश नौकेवर नांगराची साखळी खडखडत होती म्हणून ती आवळून बांधण्यास दोन खलाशी गेले. त्यांपैकी एक साखळीच्या कोठडीत उतरताच कोसळला, त्याच्या मदतीस धावलेला दुसराही तेथेच पडला, आणि श्वसनयंत्र पाठीस बांधून अरुंद तोंडातून आत जाता येईना, तेव्हा केवळ संकटातून बाहेर पडण्यापुरते दिलेले लहान साधन लावून उतरलेला तिसराही प्राणास मुकला. साखळीवर चढलेल्या गंजाने त्या कोठडीतील हवेतला प्राणवायू शोषून घेतला होता.

अशा दुर्घटनांनंतर नियम झाले नाहीत असे नाही. बंदिस्त जागेतील सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी करण्याचे बंधन २०१५ पासून आले, हवा तपासण्याचे उपकरण जहाजावर बाळगण्याची सक्ती १ जुलै २०१६ पासून झाली. तरीही टाक्यांत आणि मालाच्या कोठारांत माणसे मरतच आहेत, कारण नियमाचा सारा भार अखेरीस आत उतरण्याच्या परवान्याच्या कागदावर सही करणाऱ्यावर पडतो आणि त्याची कसूर दफ्तरात नोंदली गेली की पुढचे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. थकव्याचा प्रश्न त्यांपैकीच: चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी असा आंतरराष्ट्रीय दंडक असला, तरी विश्रांतीच्या नोंदी सोयीनुसार जुळवून लिहिण्याची रीत किती रुळली आहे, हे जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासाने दाखविले आहे.

प्रशिक्षण वाढवावे, असे जहाजमालक म्हणतात, आणि ते अयोग्य नाही; परंतु सोबती डोळ्यांदेखत पडला असता त्याच्याकडे धावणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि तो गृहीत धरूनच प्रवेशद्वाराची रुंदी, वायुवीजनाची व्यवस्था व सुटकेच्या साधनांची तजवीज जहाज बांधतानाच झाली पाहिजे.

जहाजावर पनामाचा वा लायबेरियाचा ध्वज असला, म्हणून भारताचे हात बांधलेले नाहीत. ज्या देशाचा नागरिक दगावतो त्यास चौकशीत सहभागी होण्याची वाट आंतरराष्ट्रीय संहितेनेच मोकळी ठेवली आहे, आणि प्रत्येक खलाशाच्या मृत्यूची चौकशी व नोंद करून त्याची माहिती दरवर्षी कळविण्याचे बंधनही सागरी श्रम करारातील दुरुस्तीने डिसेंबर २०२४ पासून घातले आहे. म्हणून मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने, भारतीय खलाशी दगावलेल्या प्रत्येक प्रकरणी, हा सहभाग मागण्याचा शिरस्ता पाडावा. चौकशी जहाजाच्या डेकवर न थांबवता, किती माणसांकडून किती तासांत काम उरकण्याचा हुकूम निघाला हे कंपनीच्या कचेरीतील कागदांवरून तपासावे. आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून ज्यांची मुले जहाजांवर जातात, त्यांना वाचता येईल अशा मराठीत तो अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावा.