निकालपत्र फुकट, अर्थ विकतचा

नीरा डाव्या कालव्याच्या आमच्या या भागात, कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी, सामान्य माणसाला कोर्टाची ओळख होते ती बहुधा वाटपाच्या नाहीतर बांधाच्या दाव्यामुळे. असले दावे बारामतीच्या कोर्टात चालविण्यात हयात घालविलेले आमचे एक वयोवृद्ध वकील-स्नेही आहेत. त्यांच्या घरातील एक भिंत नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या बांधीव खंडांनी व्यापली आहे. परवा त्यातलाच एक निवाडा नातवाच्या मोबाइलवर काढून दाखवीत ते म्हणाले, "प्रोफेसर, हे माझे भांडवल. घसारा किती धरायचा?"

छापील मजकुरापुरता शंभर टक्के, असेच उत्तर द्यावे लागले. तालुक्यात ज्याच्याकडे खंड तो मोठा वकील, ही मक्तेदारी आता संपली. मुळात न्यायालयाचा निवाडा ही सार्वजनिक मालमत्ता. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली स्पष्ट केले की मूळ निकालपत्रावर कोणाही प्रकाशकाचा हक्क नाही. फार तर त्याने स्वतःच्या बुद्धीने घातलेल्या भरीवर आहे. 2008 मध्ये 'इंडियन कानून'ने निवाडे विनामूल्य खुले केले आणि 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा 'ई-एससीआर' सुरू केला. एवढे सामाजिकीकरण कोणत्याही मोर्चाविना झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु वकिलाचा खर्च उतरला म्हणून पक्षकाराची फी उतरल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि खरा अडसर भाषेचा आहे. खालच्या न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने मराठी झाली. अपील मुंबईस गेले की संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदान्वये ते इंग्रजीत शिरते. भाषांतरासाठी 2019 पासून 'सुवास' हे यंत्रसाधन आले खरे. पण वाद उद्भवल्यास प्रमाण मानायचे ते इंग्रजीच.

आमच्या स्नेह्यांच्या खंडांतील समास शिसपेन्सिलीने लिहिलेल्या मराठी अर्थांनी भरलेले आहेत. इंग्रजी 'पझेशन' या एका शब्दासाठी आपल्याकडे ताबा, कब्जा, वहिवाट असे शब्द आहेत, आणि कित्येक दाव्यांचा सारा जीव त्यांच्यातील फरकातच असतो. यंत्राने त्यांतला कोणता निवडला, हे पाहायला कायदा व शेत दोन्ही जाणणारा माणूस लागतो.

ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने 2023 साली 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून भाषांतर तपासणारी पगारी माणसे नेमावीत. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार येथील उच्च न्यायालयांत 348(2) खाली हिंदीला वाव मिळाला आहे. त्याच कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयात मराठीला तो मिळावा यासाठी राज्य सरकारने राष्ट्रपतींची संमती मिळविण्याचा आग्रह धरावा. आपल्याच जमिनीचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी शेतकऱ्यावर किती काळ ठेवायची, याचे उत्तर मुंबईने आणि दिल्लीने द्यायचे आहे.