दप्तराबाहेरचा इतिहास

राघोजी भांगरे हे नाव मी प्रथम ऐकले ते आजीच्या तोंडून. अकोले तालुक्यातील देवगावचा हा नाईक सावकारांच्या कर्जखतांनी नागवल्या गेलेल्या गोरगरिबांसाठी कसा उठला, हे ती सांगे, आणि सांगताना तिचा स्वर आदराने खाली येई. पुढे इंग्रजी अमदानीचे गॅझेटियर वाचावयास घेतले तेव्हा तेच नाव मला पुंडावा आणि दरोडे यांच्या हकिकतींत सापडले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात ज्याला फाशी दिले, त्याचा वृत्तांत फाशी देणाऱ्यांच्याच दप्तरातून वाचावा लागावा, याची खंत माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही.

राघोजी ज्या जमातीतला, त्या महादेव कोळ्यांचा पहिला विस्तृत वृत्तांत १८३६ च्या सुमारास कॅप्टन मॅकिंटॉश याने लिहिला. त्याचे परिश्रम मोठे, निरीक्षणही बारीक. परंतु १८१८ नंतर गडांवरची शिबंदी मोडून, नाईकांच्या पिढीजात नेमणुका कापून ज्या सरकारने हा मुलूख अस्वस्थ केला, त्याच सरकारच्या हुकमाने बंडाचा बंदोबस्त करण्यास तो या डोंगरांत आला होता.

हरिश्चंद्रगडापलीकडे, जुन्नर तालुक्यातील निमगिरीस, याच जमातीत जन्मलेले डॉ. गोविंद गारे यांचे कार्य म्हणूनच मला असामान्य वाटते. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद सांभाळत असता त्यांनी वारल्यांच्या चित्रकलेपासून आदिवासींच्या प्रश्नांपर्यंत विपुल लेखन केले. पण ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा ग्रंथ हाती घेतला की, ज्यांच्याविषयी आजवर परक्यांनीच लिहिले त्यांच्या घरातला माणूस बोलू लागला आहे, हे पानोपानी जाणवते. माहिती देणाऱ्याच्या जागेवरून उठून त्याने लेखणी हाती घेतली, ही घटना मला एखाद्या लढाईपेक्षा लहान वाटत नाही.

विद्वत्ता केवळ ग्रंथांत असते असेही नव्हे. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावच्या, याच जमातीतल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. तथापि भात, वाल, घेवडा यांचे गावरान वाण राखेत घोळून मडक्यांत जपणाऱ्या आणि ते पेरून, वाटून पुन्हा शेतांत नांदते करणाऱ्या या बाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा एका ज्ञानपरंपरेचीच दखल घेतली गेली.

याच तालुक्यातल्या राजूरच्या परिसरातील आश्रमशाळांच्या कपाटांत गारे यांचे ग्रंथ असावेत, अशी माझी इच्छा आहे. तेथल्या एखाद्या मुलाला राघोजीचे नाव छापील अक्षरांत प्रथम भेटेल, ते गॅझेटियरात भेटू नये.