चिंध्या नव्हेत, एकच वस्त्र

अनेक कलांत संचार करणाऱ्या माणसाविषयी समाज नेहमीच साशंक असतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हा शेरा त्याच्यासाठी जणू राखूनच ठेवलेला असतो. फ्रेंच कलावंत ज्याँ कॉक्तो (१८८९–१९६३) हाही या शेऱ्यातून सुटला नाही. काव्य, कादंबरी, नाटक, नृत्यनाट्य, रेखाचित्र, भित्तिचित्र आणि चित्रपट अशा साऱ्या प्रांतांत तो वावरला. मात्र आपल्या ग्रंथसूचीत त्याने कादंबरीचे काव्य, नाटकाचे काव्य, चित्रपटाचे काव्य अशीच वर्गवारी केली. साधने अनेक असली तरी साधना एकच, हा त्याचा दावा होता. तो पोकळ होता काय?

१९१७ साली पॅरिसमध्ये 'पराद' हे नृत्यनाट्य रंगभूमीवर आले. कथाकल्पना कॉक्तोची, संगीत एरिक सातीचे आणि नेपथ्य पिकासोचे. वाद्यमेळ्यात टंकलेखनयंत्राची टकटक आणि पिस्तुलाचे बार ऐकून प्रेक्षागृहात गदारोळ माजला. नित्याच्या वस्तूंतून अद्‌भुत प्रकट करण्याची हीच दृष्टी पुढे त्याच्या चित्रपटांतही दिसते. 'ला बेल ए ला बेत' (१९४६) या परीकथेचे चित्रण महायुद्ध संपताच सुरू झाले. फिल्मची टंचाई, वीज बेभरवशाची आणि स्वतः दिग्दर्शक त्वचारोगाने जर्जर! तरीही भिंतीतून बाहेर आलेले, मेणबत्त्या धरणारे जिवंत हात आज पाहणारालाही थक्क करतात. 'ऑर्फे' (१९५०) मध्ये आरशातून परलोकात शिरणारे हात दाखविण्यासाठी त्याने पाऱ्याने भरलेले पात्र वापरले. यंत्रांचा बडेजाव नसताना साधलेली ही किमया कवीच्या डोळ्यांचीच म्हटली पाहिजे.

तथापि, गौरवाच्या भरात डाग झाकू नयेत. १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या टाचेखाली असताना, हिटलरच्या मर्जीतील शिल्पकार आर्नो ब्रेकर याची स्तुती करणारा लेख कॉक्तोने लिहिला. कला राजकारणाच्या वर असते, ही सबब तेथे लंगडी पडते. सौंदर्याच्या उपासकालाही नागरिकाचे कर्तव्य चुकत नाही.

१९५५ मध्ये फ्रेंच अकादमीने त्याची निवड केली. कालचा बंडखोर मानकरी झाला. पण त्याचा हात थांबला नाही. भूमध्य सागराकाठच्या विलफ्रांश गावी मच्छीमारांचे एक जुने प्रार्थनामंदिर होते. तेथे जाळी ठेवली जात. १९५७ मध्ये कॉक्तोने त्याच्या भिंती चित्रांनी सजविल्या. कोळ्यांचे आराध्य संत पीटर यांच्या कथांबरोबरच गावच्या कोळणींनाही त्याने तेथे स्थान दिले. पॅरिसच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत रमलेल्या कलावंताने आपली रेषा समुद्रावर पोट भरणाऱ्यांच्या हवाली केली, हे आम्हांस विशेष वाटते.

कलावंताने किती क्षेत्रे पादाक्रांत केली, ही मोजदाद व्यर्थ होय. त्या सर्वांतून एकच सूत्र ओवलेले आहे की नाही, एवढेच पाहावे. कॉक्तोच्या बाबतीत ते सूत्र अतूट राहिले. त्याला भाराभर चिंध्या म्हणणारांनी वस्त्राचा पोत पाहिलाच नाही!