फुंकरीची किंमत

कोशाचे लुगडे उन्हात धरले की त्याची झळाळी हलताना दिसते. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या विणकरांमुळे ती आपल्या परिचयाची आहे. पण अशीच रंग बदलणारी झळाळी काचेलाही देता येते, हे किती जणांना ठाऊक असते?

वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळली की कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर त्या रसाचा गोळा घेतो आणि फुंकर घालून साच्यात फुगवतो. फुलदाणी तापलेली असतानाच तिच्यावर कथलाच्या क्षाराची वाफ सोडतात. काचेवर अतिशय पातळ थर बसतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि मोरपिसाचे रंग उमटतात. १८९० च्या दशकात अमेरिकेतील लुई टिफनी यांनी अशा काचेला कलेचा मान मिळवून दिला.

महाराष्ट्रालाही काच परकी नव्हती. अंताजी काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पुढे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने खेडोपाडी उजेड नेला. ही काच गरजेची होती. झळाळत्या फुलदाण्या मात्र उत्तरेत, फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्समध्ये घडल्या. कुठे माशाचा आकार, कुठे हाताने धरलेली फुलदाणी! आज परदेशातले संग्राहक त्या जिवापाड जपतात.

आणि आपण? बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणण्याइतका काचेविषयी आपल्याला जिव्हाळा. पण ती घडवणाऱ्याची आठवण कितीशी होते?

ही झळाळी फुकट येत नाही. कथलाच्या क्षाराची ती वाफ आम्लधर्मी असते. हवा खेळती नसेल तर कारागिराच्या छातीत जाते. वस्तू फार स्वस्त मिळते, तेव्हा किमतीतला उरलेला भाग बहुधा कोणाचे तरी शरीर भरत असते. म्हणूनच ‘कला जगली पाहिजे’ असे नुसते म्हणणे पोकळ आहे. भट्टीजवळ धूर ओढून घेणारी सोय हवी आणि तिचा खर्च निघेल असा भाव द्यायची आपली तयारी हवी.

कोसा असो वा काच, घासाघीस करण्यापूर्वी एवढा हिशेब मनाशी जरूर करावा. एका पैशातून कारखाना उभारणाऱ्या महाराष्ट्राला तो अवघड जाऊ नये.