साथीदाराची मैफल

एकट्या पियानोची जॅझ मैफल म्हटली की कीथ जॅरेटच्या कोलनमधल्या मैफलीचा विषय निघतोच. २४ जानेवारी १९७५, ऑपेरा हाउस, भलताच खराब पियानो, अठरा वर्षांची आयोजक मुलगी आणि तरीही जमलेली तासाभराची उत्स्फूर्त मैफल. गोष्ट खरी आहे, वादनही थोरच. पण ती इतक्यांदा सांगून झाली आहे की आता संगीताआधी किस्साच कानावर येतो. कुणी विचारलं तर मी वेगळीच सीडी सुचवतो : हँक जोन्स, मेबेक रिसायटल हॉल, १९९१.

हा हॉल म्हणजे कॅलिफोर्नियात बर्कलीमधली एक लाकडी खोली. बर्नार्ड मेबेक या वास्तुरचनाकाराने १९१४ साली बांधलेली. पन्नास-साठ माणसं आली की भरली. १९८९ मध्ये पियानोवादक जोअ‍ॅन ब्रॅकीन तिथे वाजवायला बसल्या आणि ते ध्वनिमुद्रण काँकॉर्ड कंपनीच्या कार्ल जेफरसन यांनी काढलं. हे गृहस्थ मूळचे मोटारी विकणारे. धंद्याचा सराव म्हणा, एका मालावर थांबले नाहीत. तिथल्याच एकल वादनाच्या ४२ सीडी निघाल्या.

जोन्स त्यातले सोळावे. वय ७३. जन्म साथ करण्यात गेलेला. एला फिट्झजेराल्डच्या मागे काही वर्षं, नंतर सीबीएस या प्रसारण कंपनीत पगारी वादक. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोने राष्ट्राध्यक्ष केनेडींना वाढदिवसाचं ते गाजलेलं गाणं म्हटलं, तेव्हा पियानोवर हेच होते. त्या संध्याकाळी पियानोवाल्याकडे कोण बघणार!

अशा माणसाला एकट्याने वाजवायला बसवलं की काय होतं? आपल्याकडे पेटीचा सोलो ऐकणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. गायकाला जागा सोडायची सवय बोटांना लागलेली असते. गायकच नसला, की काही जण ती सगळी जागा तयारी दाखवायला वापरतात. जोन्स ती मोकळीच ठेवतात.

डबल बेस नाही, ड्रम नाहीत, तेव्हा लय सांभाळायची डाव्या हाताने. जुन्या स्ट्राइड पद्धतीत हा हात खर्जातला स्वर आणि मधला कॉर्ड यांच्यात सतत उड्या मारत असतो. फॅट्स वॉलर आणि आर्ट टेटम यांनी ही पद्धत कुठल्या कुठे नेली. जोन्स याच परंपरेतले, पण त्यांच्या उड्या दिसत नाहीत. कधी नुसता एक स्वर, कधी तोही नाही, तरी ऐकणाऱ्याचा पाय हलायचा थांबत नाही. इतका हलका हात हजारभर माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचला नसता. टाळ्यासुद्धा खोलीच्या मापाच्या आहेत.

यात ‘अ चाइल्ड इज बॉर्न’ आहे. रचना धाकटा भाऊ थॅड जोन्स याची. तो १९८६ मध्ये गेला. दुसऱ्या कुणी इथे गळा काढला असता. जोन्स चालीला फारसा धक्का लावत नाहीत, खालचे कॉर्ड तेवढे रंग पालटत राहतात. तुकडे बहुतेक लहान. रंगात आल्यावर उगाच लांबवणं नाही. मला हा संयम जॅरेटच्या झपाटलेपणापेक्षा अवघड वाटतो, आणि त्याबद्दल जॅरेटभक्तांशी वाद घालायची माझी तयारी आहे.

पुढे १९९५ साली जोन्स यांचा ‘स्टील अवे’ हा अल्बम आला. चार्ली हेडनच्या बेससोबत जुनी भजनं आणि लोकगीतं. म्हणजे सत्तरी उलटल्यावरही जोडीला कुणी असलेलं त्यांना आवडतच होतं.