म्हाताऱ्या घोड्याचे दात

घोडा थकला, दाणा घालूनही अंगी लागत नाही, अशी तक्रार मालकाने केली की ऐकणारा ‘वय झाले’ म्हणून मान डोलावितो आणि विषय तेथेच मिटतो. आमच्या मते हा निकाल फार घाईचा आहे.

घोड्याची दाढ मनुष्याच्या दाढेसारखी नव्हे. ती दरसाल दोन-तीन मिलिमीटर झिजते व जवळजवळ तितकीच हिरडीबाहेर सरकते. वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरील व खालच्या दाढांच्या आतील कडा झिजावयाच्या राहतात. त्यांस धार येऊन गाल व जीभ सोलून निघते. विशी उलटल्यावर तर दाढेचा मूळ साठाच सरत येतो. मग ते बिचारे जनावर वैरण तोंडात घोळविते आणि अर्धवट चावलेले गोळे खाली टाकते. गव्हाण भरलेली पाहून मालक म्हणतो, याला भूक नाही! वास्तविक ते भुकेनेच खंगत असते. हिवाळा सरला तरी लांब केस न झडणे हेही म्हातारपणाचे लक्षण समजतात. पुष्कळदा तो मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा विकार असतो, व त्यापायी खूर सुजून जनावर लंगडे होते.

हे अज्ञान आमच्याकडील गरीब घोडेवाल्याचेच आहे असे कोणी समजू नये. लिव्हरपूल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ब्रिटनमधील २०० वृद्ध घोडे तपासून २०१२ साली पाहणी प्रसिद्ध केली. तीत शेकडा ९५ घोड्यांच्या दातांत दोष आढळला; मालकांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शास त्याची वार्ता होती. हौसेने घोडा पाळणाऱ्यांची ही कथा! मग माथेरानच्या चढावर ज्याचे पोट रोजच्या फेरीवर चालते, त्यास आम्ही कोणत्या तोंडाने निर्दय म्हणावे?

वयामुळे अगर व्याधीमुळे निकामी झालेले जनावर कामास लावणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अपराध ठरविला. पहिल्या वेळचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. असो. दंडाने तोंडातील जखम दिसत नाही. ती दिसावयास जाणत्या पशुवैद्याने जबडा उघडून आत हात घालावा लागतो. धार कानशीने घासून काढता येते, आणि जिच्या दाढा संपल्या त्या घोडीस खाद्य भिजवून मऊ करून दिले तरी ती धड राहू शकते. सबब, परवाना देणाऱ्या नगरपालिकांनी पंधरा वर्षांवरील प्रत्येक घोड्याच्या दातांची वार्षिक तपासणी ही परवान्याची अट करावी, व तिचा खर्च गरीब मालकावर लादू नये.

परळास पशुवैद्यकाचे विद्यालय १८८६ सालापासून आहे. तेव्हा जाणत्यांची वाण आहे असेही नाही. आमच्या व्यापारी वाचकांचा या कामी संबंध येतो तो लग्नसराईत. मांडवावर व रोषणाईवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या यजमानाने वरातीची घोडी ठरविताना भाड्याबरोबर तिचे वय विचारावे, आणि पशुवैद्याचा चालू सालचा दाखला पाहिल्यावाचून विसार देऊ नये.